चाळीस मिनिटांची वाडी

९ फेब्रुवारी

कचेरीतल्या कारकुनाने आज बोलावून एक मोठा कोरा कागद आणि एक छापील तक्ता हातात ठेवला. गावाचा आणि भोवतालच्या वस्त्यांचा नकाशा काढून द्यायचा आहे. शिवाय प्रत्येक वस्ती गावापासून चालत किती मिनिटांवर आहे ते तक्त्यात भरायचं आहे. "बावीस वर्षं टपाल वाटताय. तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?" असं तो म्हणाला. खरं सांगायचं तर ऐकून बरं वाटलं. सातवी झालेल्या माणसाला नकाशा काढायला कोण सांगतो?

संध्याकाळी देवापुढे बसलो तेव्हा याचा गर्व होऊ नये एवढंच मागितलं. पण पेन्सिलीला टोक करताना मी गुणगुणत होतो, असं बायको म्हणते.

१० फेब्रुवारी

नकाशाला सुरुवात केली. गाव तळाशी. त्याच्या उजवीकडे ओढ्यापलीकडची वस्ती, अकरा घरं, मधे सात दगड टाकलेले, त्यांतला चौथा हलतो. डावीकडे खाणीकडची वस्ती. खाण बंद पडल्यापासून तिथे सात घरांत माणसं आहेत आणि नऊ घरांना कुलपं. कुलपांच्या नावाने अजून पत्रं येतात. ती मी परत पाठवतो. डोंगराच्या पोटाशी मधली वस्ती, आणि तिच्या वर, थेट कड्याखाली, वरची वाडी. एकतीस घरं. माझी लेक तिथे दिली आहे.

वरची वाडी काढताना हात जरा जास्तच रेंगाळला. आमच्या अंगणातून तिची छपरं दिसतात, सकाळचा धूर दिसतो. मी ती गावाच्या डोक्यावरच काढली.

बायको भांडी पुसत मागे येऊन उभी राहिली. "इतकी जवळ?"

"दिसते तिथे काढली."

"दिसतो तर चंद्रही," म्हणाली आणि आत गेली. तिच्या बोलण्याला असे काटे असतात. मनात काही नसतं.

११ फेब्रुवारी

टपालाची गाडी रोजच्याप्रमाणे मला घेऊन कड्यामागच्या रस्त्याने वर गेली आणि खिंडीत सोडून पुढे निघून गेली. सरकारी गाडी, दुसऱ्या कुणाला बसवत नाहीत. तिथून मी पत्रं वाटत उतरतो. आधी वरची वाडी, मग मधली वस्ती, शेवटी गाव. बावीस वर्षं हाच क्रम आहे.

वरच्या वाडीत नर्सबाईंच्या खोलीबाहेर विहीणबाई बसल्या होत्या. त्यांना दमा आहे. खोलीत वाफ घ्यायचं एक यंत्र आहे, त्यावर महिन्यातून चार-पाचदा त्यांना बसावं लागतं. मला पाहून तोंडावरची नळी काढून म्हणाल्या, "आले आमचे व्याहीबुवा! पत्र आहे का, की नुसतेच हुंदडताय?"

"तुमचं पत्र नाही, विहीणबाई."

"मला कोण लिहिणार? माझी ओळखीची सगळी माणसं बोलत्या अंतरावर आहेत."

नर्सबाई आतून ओरडल्या, "आजी, नळी तोंडात!" विहीणबाईंनी नळी लावली आणि नळीतूनच हसल्या. लेक शेजारी उभी होती. तिने मला पाणी दिलं. तिला हातमोजे लागतात का विचारलं, पहाटे तिथे गार असतं. नको म्हणाली.

वाडीच्या शेवटच्या घरापासून आमच्या अंगणापर्यंत आज मुद्दाम घड्याळ लावून उतरलो. एकेचाळीस मिनिटं.

१४ फेब्रुवारी

तक्ता भरला. ओढ्यापलीकडची वस्ती बारा मिनिटं. खाणीकडची तेवीस. मधली वस्ती दहा. वरच्या वाडीसमोर चाळीस लिहिलं.

बायको शेजारी बसून तांदूळ निवडत होती. तिने वाचलं. ती फारशी शिकलेली नाही, पण आकडे तिला बरोबर कळतात. "हे चाळीस चढताना की उतरताना?"

"तक्त्यात तसं विचारलेलं नाही. एकच रकाना आहे."

"मग तुम्ही कारकुनाला विचारा."

"एवढ्याशा गोष्टीसाठी? थोडं मागेपुढे होईल."

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मीच बायकोला सांगितलं होतं की चाळीस मिनिटांवर आहे, मनात आलं की लेकीकडे जाशील. पुढे तिचा गुडघा धरला, तो माझा दोष नाही. सहा वर्षांत ती एकदाही वर गेलेली नाही. लग्नाच्या दिवशी बाहेरगावाहून आणलेल्या भाड्याच्या गाडीने खिंडीतून गेली होती तेवढीच. लेक येते पण. महिन्यातून एकदा येते, हसत येते, जेवून जाते.

तरुणपणी दोन-तीनदा मी ती वाट चढलो आहे. फार लागल्याचं आठवत नाही.

१ एप्रिल

आज पिशवीत कचेरीचा एक लखोटा होता, वरच्या वाडीच्या नर्सबाईंच्या नावाने. मी दिला. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोडला आणि वाचून खाली बसल्या. गावापासून एका तासाच्या आत असलेल्या वस्त्यांना वेगळी नर्स मिळणार नाही. खोली बंद करायची, सामान गावातल्या दवाखान्यात जमा करायचं, त्यांनी स्वतः तिथेच रुजू व्हायचं.

"चाळीस मिनिटं लिहिलंय," नर्सबाई म्हणाल्या. "कुणी मोजली ही?"

मी सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, घड्याळ लावून मोजलं होतं. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही उतरता, काका."

मग लखोट्याची घडी घालून पदराखाली ठेवली.

४ एप्रिल

वाफेचं यंत्र मीच खोक्यात घालून खाली आणलं. नर्सबाईंना उचलत नव्हतं. फार जड नाही. खोली रिकामी झाल्यावर त्यांनी कुलूप लावलं, तेव्हा विहीणबाई उंबऱ्याशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "व्याहीबुवा, पत्रं आणायची सोडून तुम्ही आमचं घर धुऊन न्यायला लागलात की हो!" सगळे हसले. मीही हसलो. खोकं खांद्यावर होतं म्हणून वळून काही बोलता आलं नाही.

उद्या प्रार्थनेत त्यांच्यासाठी काही मागेन.

९ एप्रिल

विहीणबाई औषधासाठी पहिल्यांदाच खाली आल्या. सकाळी दहाला निघाल्या आणि अकराच्या आत दवाखान्यात पोचल्या. म्हणजे आकडा चुकीचा नव्हता. मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं. तिने त्यांना जेवायला वाढलं. जेवणावर त्यांनी माझी भरपूर थट्टा केली. टपालवाल्याच्या घरी जेवायला मिळालं, पण चिठ्ठी काही मिळाली नाही, असं म्हणाल्या. दोन वाजता परत निघाल्या. बायको त्यांच्यासोबत चढ सुरू होतो तिथपर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. मी दोनदा हाक मारली तरी ती आली नाही.

१० एप्रिल

वाडीत गेलो तर विहीणबाई झोपलेल्या. सकाळचे दहा वाजले होते. लेक म्हणाली, काल दिवे लागल्यावर पोचल्या. मी म्हटलं, बोलक्या आहेत, मधल्या वस्तीत घरोघर थांबल्या असतील. लेकीने केरसुणी हातातून ठेवली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि परत झाडायला लागली.

१३ मे

विहीणबाई आज आल्या होत्या म्हणे. मी गाडीबरोबर होतो. नर्सबाईंनी त्यांना एक फवाऱ्याची डबी दिली, तोंडात मारायची. महिना पुरते.

२० जून

या महिन्यात विहीणबाई आल्याच नाहीत. तब्येत चांगली झाली असावी. पावसाळी हवेत दमा वाढतो म्हणतात, पण डोंगरावरची हवा मोकळी असते. मी देवाचे आभार मानले.

कचेरीत कारकून भेटला. म्हणाला, "बघा, वरच्या वाडीतून दोन महिन्यांत दवाखान्यात सगळे मिळून सहाच रोगी आले. खोली उगाच चालवत होते इतकी वर्षं. तुमच्या नकाशाचं साहेबांनी कौतुक केलं."

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "सहाच आले, की सहाच येऊ शकले?"

तिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. गुडघा दुखला की माणसाचं असं होतं.

१२ जुलै

विहीणबाई दारात बसल्या होत्या. पत्र नव्हतं तरी थांबलो. "कशा आहात?" म्हटलं. "आहे," म्हणाल्या. थट्टा केली नाही. फवाऱ्याची डबी हातात हलवत होत्या आणि कानाशी नेऊन ऐकत होत्या. मी विचारलं, हे काय. म्हणाल्या, "अजून खुळखुळतंय."

१८ जुलै

आज लिहायची ताकद नाही, पण लिहिलं नाही तर उद्या मी हे मनात वेगळं करून ठेवीन, म्हणून लिहितो.

दुपारी दोनला जावई धावत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, एका पायात चप्पल नाही. आईचा श्वास अडकलाय, म्हणाला. चार जणांनी तिला खुर्चीत बांधून उतरवायला घेतलंय, तिला आडवं करता येत नाही, नर्सबाईंना घेऊन मी उलट निघावं म्हणून तो पुढे आला होता. अर्ध्या तासात खाली पोचला होता तो.

गावात गाडी नाही. टपालाची गाडी सकाळीच जाते. नर्सबाईंनी इंजेक्शनं आणि एक छोटी प्राणवायूची टाकी घेतली. टाकी मी घेतली. जावई पुढे पळाला.

मधल्या वस्तीच्या वर वाट कड्याला चिकटून वळणं घेते. पावसाने दगड सुटले होते. नर्सबाई अंगाने जड आहेत. प्रत्येक वळणावर त्या थांबत आणि मला म्हणत, "तुम्ही व्हा पुढे." मी पुढे होऊन काय करणार? मला इंजेक्शन देता येत नाही. आणि खरं म्हणजे मलाही पुढे होता येत नव्हतं. माझी छाती फुटायला आली होती. बावीस वर्षं ज्या वाटेवर मी शीळ घालत उतरलो ती ही वाट नव्हती.

फुटक्या खडकाच्या वळणावर ते भेटले. खुर्ची जमिनीवर ठेवली होती. वाट अरुंद, दोघांना शेजारी चालता येत नाही, म्हणून एकाने पुढून आणि एकाने मागून धरत, हात बदलत आणली होती. विहीणबाई साडीने बांधलेल्या. ओठ निळे. डोळे उघडे. माझ्याकडे बघत होत्या, की माझ्यामागे, कोण जाणे. नर्सबाईंनी गुडघे टेकून सुई दिली, टाकी लावली. नंतर टाकी बंद केली.

लेक मागे उभी होती, अनवाणी. तिने पुढे होऊन त्यांचा पदर नीट केला आणि खुर्चीच्या गाठी सोडायला लागली.

मी घड्याळ पाहिलं. का पाहिलं ते देवालाच माहीत. तीन वाजून छत्तीस मिनिटं झाली होती. आम्ही दोन वाजून दहाला निघालो होतो. आणि वाट अर्धीच झाली होती.

२३ जुलै

लेक आली होती. घरात शिरताना हसली नाही. माझ्या लक्षात आलं की मी तिला दारात नेहमी हसतानाच पाहिलं आहे, जाताना कधी पाहिलं नाही. मी जेवून झोपतो.

ती म्हणाली, "सासूबाई दोन महिने डबी पुरवून वापरत होत्या. दोन फवारे घ्यायचे तिथे अर्धा. खाली येणं सोपं होतं हो, बाबा. वर जाताना त्यांना पाच तास लागायचे. मेमध्ये वाटेत दोनदा निपचित पडल्या. मग म्हणाल्या, औषध आणायला जाऊन मी मरेन, त्यापेक्षा घरात बसते."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला सांगू नको म्हणाल्या. 'त्यांना वाटतं मी जवळ राहते, वाटू दे' म्हणाल्या."

बायको उठून परसात गेली. बराच वेळ आली नाही.

"तुला किती लागतात?" मी विचारलं.

"पोराला घेऊन? अडीच तास. कधी तीन."

सहा वर्षं. महिन्यातून एकदा. मी हा गुणाकार करायला बसलो नाही.

३० जुलै

प्रार्थना होत नाही. डोळे मिटले की तक्त्यातला तो रकाना दिसतो. मी खोटं लिहिलं नव्हतं. घड्याळ लावलं होतं. पण मग मला नर्सबाईंचं 'तुम्ही उतरता, काका' का ऐकू येतं?

४ ऑगस्ट

कचेरीला पत्र लिहून दिलं. आधी भरलेली मिनिटं उतरतानाची होती, चढताना निरोगी माणसाला दोन तासांच्या पुढे लागतात, दुरुस्ती व्हावी, खोली पुन्हा उघडावी. खाली माझी सही.

कारकुनाने वाचलं. "अहो, अंतर जाताना वेगळं आणि येताना वेगळं असतं का? आता तुमचा आकडा बदलला तर आधीचा खोटा ठरेल. तुमच्या नोकरीला चिकटेल हे."

"चिकटू दे."

त्याने खांदे उडवले. "पाठवतो. बहुतेक साहेब स्वतः येऊन मोजतील."

१९ सप्टेंबर

साहेब काल आले. कालचं आज लिहितो आहे.

सकाळी त्यांची गाडी मला घेऊन कड्यामागून वर गेली. खिंडीत उतरलो. साहेब तरुण, बोलायला चांगले. वाडीतल्या माणसांना भेटले, कुलूप लावलेली खोली बघितली, वहीत टिपून घेतलं. गाडीला गावात जाऊन थांबायला सांगितलं आणि म्हणाले, "चला, आता तुमची वाट बघू."

मी तोंड उघडेपर्यंत ते उतरायला लागले होते. तरुण पाय, कोरडी वाट. वाटेत मला कुठली कुठली झाडं ओळखून दाखवत होते. अडतीस मिनिटांत आम्ही आमच्या अंगणात उभे होतो.

"काका, तुमचा पहिलाच आकडा बरोबर होता की! उलट दोन मिनिटं जास्तच लिहिलीत." खुशीत होते. बायकोने चहा आणला. गाडी दारात उभी होती.

मी म्हणालो, "साहेब, चढून बघायला हवं."

"कशाला? वाट तीच ना?"

मला पुढे बोलता आलं नाही. मोठ्या माणसांपुढे माझी जीभ अशीच जड होते. कप हातात धरून उभा राहिलो. आत्ता चहा संपेल, ते गाडीत बसतील, आणि अडतीस मिनिटं कायमची होतील, हे मला दिसत होतं.

बायकोने ताट खाली ठेवलं. कोपऱ्यातली काठी घेतली, चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"लेकीकडे."

"अगं, तुझा गुडघा..."

"माझा आहे तो." मग साहेबांकडे वळली. "साहेब, सहा वर्षं लेकीचं घर पाहिलं नाही मी. हे म्हणतात जवळ आहे. तुम्ही असलात तर सोबत होईल."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, गाडी पाहिली, हातातला कप पाहिला. नाही म्हणणं सोपं होतं. पण तिचाच चहा तोंडात होता.

निघालो. मधल्या वस्तीपर्यंत साहेब बोलत होते. त्यानंतर बोलेनात. बायको वीस पावलं चालायची आणि काठीवर वाकून उभी राहायची. तिने एकदाही हाय म्हटलं नाही. दर वेळी थांबली की मी हात पुढे करायचो, आणि ती काठी धरायची. साहेबांचा सदरा पाठीला चिकटला. फुटक्या खडकाच्या वळणावर ती बसली. तिथे काय झालं ते तिला माहीत आहे. साहेबांना नव्हतं. त्यांनी खडकाला पाठ लावली आणि श्वास घेत मला विचारलं, "काका, अजून किती राहिलं?"

मी सांगायला गेलो.

"त्यांना नका विचारू साहेब," बायको म्हणाली. "त्यांना माहीत नाही."

ती रागाने बोलली नाही. एखाद्या परक्या माणसाला वाट सांगावी तसं बोलली.

साहेबांनी तक्ता काढून गुडघ्यावर ठेवून लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. 'गावातून चढ. एक तास पन्नास मिनिटांत अर्धी वाट. पुढे जाऊ शकलो नाही.' खाली सही, तारीख. म्हणाले, खोली उघडणं माझ्या हातात नाही, पण हे वर पाठवतो. बायकोला नमस्कार केला आणि उतरायला लागले. पंधरा मिनिटांत ते मधल्या वस्तीच्या खाली दिसले.

"परत फिरू या का?" मी विचारलं.

"इथून?" म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवून उठली.

ऊन कलल्यावर पोचलो. लेक नळावर होती. आईला पाहून तिने हातातलं सगळं तसंच सोडलं, आणि दोघी तिथेच, वाहत्या नळापाशी, एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मी जाऊन नळ बंद केला.

बायकोचा गुडघा सुजून दुप्पट झाला आहे. काही दिवस ती इथेच राहील. आज मी एकटा उतरेन. सकाळी लेक तिच्या गुडघ्याला तेल चोळत होती, मी उंबऱ्यात बसलो होतो. मान वर न करता तिने विचारलं, "बाबा, यापुढे कुणी विचारलं, वरची वाडी किती लांब आहे, तर काय सांगाल?"

मी म्हणालो, "आधी विचारीन, कुणाला जायचंय."

ती तेल चोळत राहिली.